साहेबाचा कट्टा आणि तीस वर्षांचा फरक

बँकेतल्या माणसाला आकाशाशी काय कर्तव्य, असं कुणी विचारलं तर मी त्याला दोष देणार नाही. माझ्या काउंटरवरून आकाश दिसत नाही. दिसतं ते एक बंद पडलेलं घड्याळ, एक चालू पडण्याची शक्यता असलेलं पासबुक छापायचं यंत्र आणि त्या दोहोंच्या मधे उभी राहिलेली रांग. शिवाय ग्रहताऱ्यांशी माझं जमणार नाही हे फार आधी ठरलेलं होतं. १६ फेब्रुवारी १९८० ला जे मोठं सूर्यग्रहण झालं त्या वेळी मी आईच्या पोटात होतो. त्या दिवशी आईला आजीने खोलीत कोंडून ठेवलं होतं. विळी नाही, सुरी नाही, खिडकी नाही. त्यामुळे खग्रास ग्रहणाचा माझा अनुभव दुहेरी अंधाराचा आहे.

तरीसुद्धा आमच्या सोसायटीत मला खगोलशास्त्रज्ञ म्हणतात. त्याचं कारण एवढंच, की मुलीच्या वाढदिवसाला आम्ही एक दुर्बीण आणली. मुलीने ती दोन दिवस पाहिली. तिसऱ्या दिवसापासून ती माझ्या अंगावर पडली आणि हप्ते तर माझ्याच अंगावर होते. एका रात्री गच्चीवर मला शनीचं कडं सापडलं. मी मोठ्या उत्साहाने सगळ्या बिऱ्हाडांना बोलावलं. मंडळी रांगेने आली, एक डोळा मिटून पाहून गेली. सेक्रेटरी मात्र पाहायला तयार होईनात. "अहो, माझी साडेसाती चालू आहे, आपण होऊन कशाला त्याच्या नजरेला नजर द्या?" असं त्यांचं म्हणणं पडलं.

ही कीर्ती पसरत पसरत आकाशवाणीच्या आमच्या केंद्रापर्यंत कशी गेली ते ठाऊक नाही. तिथले एक अधिकारी केवायसीचे कागद द्यायला माझ्या काउंटरवर आले आणि फोटो चिकटवता चिकटवता म्हणाले, "आकाशाची सोप्या भाषेत ओळख करून देणारी भाषणं आम्ही देतो आहोत. दहा-दहा मिनिटांची. एक तुम्ही करा."

मी म्हटलं, "अहो, मी बी. कॉम. आहे."

"तेच पाहिजे," ते म्हणाले. "प्राध्यापक मंडळी दहा मिनिटांत पृथ्वीच्या बाहेर पडत नाहीत."

विषय मला शोधावा लागलाच नाही. ज्याची सासुरवाडी विजयदुर्गाजवळ आहे, त्याला खगोलशास्त्रात दुसरा विषय सुचूच शकत नाही.

हे जरा सविस्तर सांगायला हवं. माझे सासरे, म्हणजे अण्णा, प्राथमिक शाळेत शिक्षक होते. चौतीस वर्षं नोकरी, सगळी देवगड तालुक्यात. लग्न झाल्यावर पहिल्यांदा सासुरवाडीला गेलो तेव्हा पहिल्या दिवशी देवदर्शन झालं आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी, पोटात घावन उतरतात न उतरतात तोच, अण्णा मला घेऊन गडावर निघाले. विजयदुर्ग म्हणजे कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचं ठाणं. इंग्रज त्याला घेरिया म्हणत आणि १७५६ साली तो घेईपर्यंत त्याच्या नावाने दचकत. तिहेरी तट, वाघोटन खाडीचं तोंड, समोर समुद्र. दुसऱ्या कुणी जावयाला तोफा दाखवल्या असत्या. अण्णा सगळ्या तोफा ओलांडून थेट एका दगडी चौथऱ्यापाशी जाऊन थांबले, धोतराचा सोगा सावरला आणि वर्गात उभं राहावं तसे उभे राहून म्हणाले, "जावईबापू, हा साहेबाचा कट्टा. १८ ऑगस्ट १८६८ रोजी खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर साहेबाने या कट्ट्यावर दुर्बीण लावून हेलियम वायूचा शोध लावला. पृथ्वीवर सापडायच्या आधी सूर्यावर सापडलेलं हे एकमेव मूलद्रव्य. आणि ते सापडलं कुठून? तर इथून."

खरं सांगतो, माझ्या अंगावर काटा आला. त्यानंतर दर खेपेला मी तो कट्टा पाहिला आणि दर खेपेला तेच वाक्य, त्याच जागी श्वास घेऊन, ऐकलं. अण्णांनी ते चौतीस वर्गांना सांगितलं होतं. अलीकडे तर १८ ऑगस्टला गडावर हेलियम दिनसुद्धा साजरा होतो, आणि अण्णा पहिल्या रांगेत असतात.

तेव्हा भाषण म्हणजे काय, अण्णांचं वाक्य दहा मिनिटांपर्यंत ताणायचं, एवढंच काम होतं. ते मी एका रविवारी करायला बसलो आणि तिथेच फसलो. कारण बँकेच्या नोकरीने मला एक वाईट खोड लावली आहे. कुठलीही एंट्री दिसली की मी तिचं व्हाउचर शोधतो. कोअर बँकिंग येण्यापूर्वी दोन-तीन वर्षं मी हाताने लेजर लिहिलेला माणूस आहे. तीस पैशांचा फरक राहिला म्हणून रात्री साडेनऊपर्यंत बसलोय आणि शेवटी तो शिपायाच्या चहाच्या हिशेबात सापडलाय.

पहिली शंका आली ती पंचांगावरून. सूर्यग्रहण अमावास्येला होतं एवढं मलाही कळतं. १८ ऑगस्टची अमावास्या म्हणजे श्रावणातली, पिठोरी. आता कोकणातल्या कुणाही माणसाला विचारा, पिठोरीच्या सुमाराला विजयदुर्गाच्या तटावर काय दिसतं? पाऊस दिसतो. आडवा पाऊस. छत्री धरली तर छत्रीसकट माणूस मालवणच्या दिशेने जातो. साता समुद्रापलीकडून लाखमोलाच्या दुर्बिणी घेऊन येणारे साहेब, सूर्य पाहायला, श्रावणात, कोकणच्या किनाऱ्यावर? इंग्रज माणूस हवामानावर इतकं बोलतो, त्याला एवढं कळू नये?

त्यांना ते कळलेलं होतं. १८६८ च्या ग्रहणाचा पट्टा याच किनाऱ्यावरून देशात शिरून विजापूर, जमखंडी करत पूर्वेला गुंटूर आणि मच्छलीपट्टणला समुद्राला मिळत होता. निरीक्षक मंडळी बसली ती घाटावर आणि पूर्वेला. जमखंडीला, म्हणजे पटवर्धनांच्या संस्थानात, लेफ्टनंट जॉन हर्शेल होता. तो मोठ्या हर्शेल घराण्यातला, युरेनस शोधणाऱ्याचा पणतू नव्हे, नातू. गुंटूरला मेजर टेनंट होता आणि फ्रान्सहून आलेला पिएर जान्सेन. मच्छलीपट्टणला मद्रासच्या वेधशाळेचा पॉग्सन. याच वेधशाळेतले चिंतामणी रघुनाथाचारी वनपर्तीला गेले होते. जमखंडीला ढगांनी हर्शेलला फार छळलं. तिथे ही अवस्था, तर विजयदुर्गाला काय झालं असतं!

आणि लॉकियर? लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानातच नव्हता. तो इंग्लंडात होता.

हे वाचल्यावर मी चष्मा पुसला. मग पुन्हा वाचलं. मग सौभाग्यवतीने चहा आणून ठेवला तो तसाच राहिला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की काहीतरी मोठं बिनसलंय.

पण लॉकियरची जी माहिती निघत गेली तिने मी फरक विसरून त्या माणसाच्या प्रेमातच पडलो. नॉर्मन लॉकियर हा त्या वेळी लंडनच्या युद्धखात्याच्या कचेरीत कारकून होता! पदवी नाही, कुठल्या वेधशाळेची नोकरी नाही. दिवसा फायली, उरलेल्या वेळात घरची सव्वासहा इंची दुर्बीण. रात्री तारे पाहणारे कारकून मी समजू शकतो, आमच्यातही रात्री नाटकं करणारे आहेत. पण हा सूर्य पाहायचा. सूर्य तर कचेरीच्या वेळातच उगवलेला असतो. मी मुद्दाम हिशेब करून पाहिला, त्याने आपला मोठा वेध घेतला तो २० ऑक्टोबर १८६८ चा दिवस मंगळवार होता. कामाचा दिवस. रजेचा अर्ज त्याने दिला होता का, आणि दिला असल्यास कारणाच्या रकान्यात काय लिहिलं होतं, हे मला फार जाणून घ्यायचं आहे.

आता हा वेध म्हणजे काय ते रेडिओच्या श्रोत्यांना सांगायचं, तर माझ्यापाशी एकच भाषा. प्रकाश लोलकातून जाऊ दिला की त्याचे रंग सुटे होतात, हे शाळेत सगळ्यांनी पाहिलंय. जळत्या वायूचा प्रकाश असा फोडला की ठरावीक जागी ठरावीक रंगाच्या रेघा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघांची जागा ठरलेली. म्हणजे ती त्याची सही समजा. शास्त्रज्ञांपाशी पृथ्वीवरच्या मूलद्रव्यांची नमुना सह्यांची कार्डं तयार होती. सूर्याच्या कडेला ज्या तांबड्या ज्वाळा दिसतात त्या कशाच्या, हा त्या वेळचा वाद होता. १८६८ च्या ग्रहणात सूर्य झाकला गेल्यावर सगळ्यांनी स्पेक्ट्रोस्कोप लावला तो त्या ज्वाळांची सही घ्यायला. गुंटूरला साडेपाच मिनिटांहून जास्त अंधार मिळाला. रेघा दिसल्या आणि त्यावरून ज्वाळा वायूच्या आहेत हे ठरलं. त्यातल्या हायड्रोजनच्या रेघा ओळखता आल्या. हर्शेलने तीन रेघा टिपल्या, तांबडी, नारिंगी आणि निळी. त्यातली नारिंगी म्हणजे आपल्या मिठातलं सोडियम, असं त्याला वाटलं. सोडियमची पिवळी सही फार जुन्या ओळखीची. जोडरेघ असते ती. चेक पास झाला.

जान्सेनची गोष्ट निराळीच. त्या रेघा इतक्या ठळक दिसल्या, की ग्रहण नसतानाही त्या दिसायला हव्यात असं त्याच्या मनात आलं. दुसऱ्या दिवशी, १९ ऑगस्टच्या सकाळी, त्याने भर उन्हात त्या पाहून दाखवल्या. आणि तिकडे लंडनात आमच्या कारकुनाच्या डोक्यातही दोन वर्षं हीच कल्पना होती, पण मागवलेलं यंत्र येत नव्हतं. कारागिराने लावलेला उशीर हा विज्ञानाच्या इतिहासात कमी लिहिला गेलेला विषय आहे. यंत्र आलं ऑक्टोबरच्या मध्याला आणि चारच दिवसांत लॉकियरने ग्रहणाशिवाय त्या ज्वाळांची सही घेतली. जान्सेनचं पत्र गुंटूरहून निघून पॅरिसच्या अकादमीत पोचलं, आणि त्याच दिवशी लॉकियरचंही लंडनहून. एकाला महिन्याहून अधिक लागला, दुसऱ्याला काही दिवस. भांडण व्हायला उत्तम कारण होतं, पण फ्रेंच सरकारने १८७२ साली एक पदक पाडलं आणि त्यावर दोघांचीही डोकी शेजारी शेजारी बसवली. जॉइंट अकाउंट.

आता ती पिवळी रेघ. ग्रहणाची घाई नसल्यामुळे लॉकियर ती निवांत पाहू शकला. आणि त्याला दिसलं, की ही सोडियमची सही नाही. जवळजवळ तशीच, पण तशी नाही. सोडियमच्या दोन रेघांपासून किंचित बाजूला आणि एकटीच. बँकेत बसलेल्या माणसाला विचारा, 'जवळजवळ तशीच' सही म्हणजे काय. भल्याभल्यांनी पास केलेला चेक या कारकुनाने 'सही जुळत नाही' म्हणून परत पाठवला. फ्रँकलंड नावाच्या रसायनतज्ज्ञाला बरोबर घेऊन त्याने प्रयोगशाळेत हायड्रोजनचे नाना हाल करून पाहिले, ती रेघ काही उमटेना. तेव्हा ही सही पृथ्वीवरच्या कुठल्याच खातेदाराची नाही, सूर्यावर कुणीतरी निराळंच मूलद्रव्य आहे, असं लॉकियरचं मत झालं. सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याचं नाव पडलं हेलियम. रसायनवाल्यांनी त्याची पुष्कळ टिंगल केली. नाव आहे, सही आहे, खातेदाराचा पत्ता नाही! सत्तावीस वर्षं ते खातं तसंच पडून राहिलं. १८९५ च्या मार्चमध्ये विल्यम रॅम्से लंडनमध्ये युरेनियमचं एक खनिज आम्लात घालून त्यातून निघालेला वायू तपासत होता, तर त्याच्या पिवळ्या रेघेची जागा तीच. खातेदार स्वतः काउंटरवर हजर झाला.

म्हणजे १८ ऑगस्टलाही कुणा एकाने 'हे पाहा हेलियम' असं म्हटलेलं नाही. शोध लागला तो हळूहळू, दोन देशांत आणि बऱ्याच वर्षांत. पण वार्षिक दिन साजरा करायचा तर हळूहळू चालत नाही, त्याला तारीख लागते.

एवढं सगळं झालं, पण कट्टा राहिलाच की! कट्टा तर मी या डोळ्यांनी पाहिलाय. तो काय कुणी पत्ते खेळायला बांधला?

फरक सापडला रात्री पावणेबाराला. २२ जानेवारी १८९८. पौष अमावास्या. त्या दिवशी दुसरं एक खग्रास ग्रहण झालं, आणि त्याचा पट्टा रत्नागिरी-विजयदुर्गाच्या बाजूने शिरून जेऊर, वऱ्हाड, पुलगाव करत ईशान्येला गेला. या ग्रहणाला विजयदुर्गावर कोण आलं? तर सर नॉर्मन लॉकियर. आता तो कारकून नव्हता. 'नेचर' हे शास्त्रीय साप्ताहिक त्याने १८६९ साली काढलं होतं (ते अजून चालू आहे), आदल्याच वर्षी त्याला सर ही पदवी मिळाली होती, आणि त्याच्या तीस वर्षांपूर्वीच्या परत पाठवलेल्या चेकचा खातेदार तीनच वर्षांपूर्वी सापडला होता. बरोबर मुलगा होता, सहायक फाउलर होता, आणि दिमतीला 'मेल्पोमेनी' नावाची अख्खी युद्धनौका. तिच्या खलाशांना त्याने दिवसच्या दिवस कवायत करून घेऊन निरीक्षक बनवलं. कुणी घड्याळाचे सेकंद मोठ्याने मोजायचे, कुणी फोटोच्या काचा बदलायच्या, कुणी सूर्याभोवतीच्या प्रभामंडलाचं चित्र काढायचं. हे सगळं जेमतेम दोन मिनिटांच्या अंधारासाठी. उपकरणं हलू नयेत म्हणून जी पक्की जोती लागतात, त्यांचाच तो कट्टा. आकाश निरभ्र होतं. जानेवारी ना! आणि वार? शनिवार. महिन्यातला चौथा शनिवार. त्या काळी चौथ्या शनिवारची सुट्टी नव्हती हे मला ठाऊक आहे, पण बरं वाटलं.

म्हणजे बघा, १८ ऑगस्ट १८६८ खरी, लॉकियर खरा, हेलियम खरा, विजयदुर्ग खरा, कट्टाही खरा. तीन वेगळी व्हाउचरं कुणीतरी एकाच खात्यात पोस्ट केली होती. गावकऱ्यांनी तरी खोटं काय सांगितलं? हेलियमवाला साहेब गडावर आला होता, असंच त्यांच्या पणज्यांनी सांगितलं असणार. पुढे कुणीतरी पुस्तकात पाहून तारीख भरली. रकाना मोकळा दिसला की तो भरायचा मोह कुणालाही होतो.

खरं तर बिचाऱ्या लॉकियरची हिंदुस्थानातली ही दुसरी खेप. १८७१ च्या डिसेंबरातलं ग्रहण त्याने केरळात बेकलच्या किल्ल्यावरून पाहिलं होतं. समुद्रकाठचा किल्ला आणि थंडीतलं ग्रहण, एवढं जमलं की साहेब येत असे.

आणि माझा राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा. याच १८९८ च्या ग्रहणाला सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला कोण होतं, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. तिथे अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेल होता, हे ठीक. पण तिथे पुण्याचे कावसजी दादाभाई नेगमवाला होते. पुण्याच्या सायन्स कॉलेजातले प्राध्यापक. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून त्यांनी कॉलेजच्या आवारात वेधशाळा उभी केली होती आणि तिथली वीस इंची दुर्बीण त्या वेळी देशातली सर्वांत मोठी होती. १८९६ चं ग्रहण पाहायला हे गृहस्थ नॉर्वेपर्यंत जाऊन आले होते. मुंबई-पुण्यात प्लेगने माणसं मरत होती, रँडचा खून होऊन वर्षही झालेलं नव्हतं, आणि हा माणूस आपली यंत्रं घेऊन जेऊरच्या माळावर उभा होता. ग्रहणाचा सविस्तर अहवाल त्यांनी पुढे छापला. १९१२ साली त्यांची पुण्याची वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. त्यांच्या नावाचा कट्टा कुठेही नाही.

आता प्रश्न राहिला अण्णांचा.

सौ. म्हणाली, "तुम्ही रेडिओवर काय बोलायचं ते बोला. पण अण्णांना रेडिओवरून कळता कामा नये. आधी जाऊन सांगा."

कर्ज थकलेल्या माणसाच्या घरी मी वसुलीला गेलोय, तेव्हाही पाय इतके जड झाले नव्हते. चौथ्या शनिवारी गेलो. अण्णा ओटीवर बसले होते. जेवण झालं, सुपारी झाली, आंब्याच्या मोहोराची चौकशी झाली. मग मी वही काढली आणि लेखापरीक्षकासमोर बोलावं तसं खाली मान घालून सगळं सांगितलं.

अण्णा माझ्याशी नेहमी पुस्तकी मराठी बोलतात. ते फक्त रागावले किंवा घाबरले की मालवणीत जातात. माझं संपल्यावर ते म्हणाले, "ह्यां खंय लिवलेलां आसा?"

मी दाखवलं. त्यांनी वही हातात घेऊन, चष्मा कपाळावर चढवून, तारखा बोटाने वाचल्या. मग आत जाऊन कपाटातून एक जुनं पुस्तक घेऊन आले. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचं 'ज्योतिर्विलास अथवा रात्रीची दोन घटका मौज'. दीक्षित इकडचेच, मुरुडचे, आणि १८९८ सालीच वारले. अण्णा पुस्तक उघडतील असं मला वाटलं, पण त्यांनी ते नुसतं मांडीवर ठेवलं. बराच वेळ ते खाडीकडे बघत होते.

"चौतीस वर्गांना सांगितलं मी," ते म्हणाले. "त्यातला एक मुलगा आज कॉलेजात शिकवतो. त्याने तिथे सांगितलं असेल."

मी म्हटलं, "अण्णा, पुस्तकांतून, वर्तमानपत्रांतून हेच छापलेलं आहे. तुमचा दोष..."

"ते नव्हे," अण्णा म्हणाले. "पावसाचं मला सुचायला हवं होतं. जन्म गेला इथे. दर वर्षी १८ ऑगस्टला मी मेणकापड पांघरून गडावर जातो, जावईबापू. एकदाही मला सूर्य दिसलेला नाही. आणि एकदाही माझ्या मनात आलं नाही, की मग साहेबाला कसा दिसला?"

यावर काय बोलणार? मी वही पिशवीत घातली. ते उठून गोठ्याकडे गेले आणि दिवेलागणीपर्यंत तिकडेच राहिले. रात्री जेवताना मात्र त्यांनी एकाएकी विचारलं, "त्या पारशी प्रोफेसरांचं आडनाव काय म्हणालात? नीट सांगा. लिहून घेतो."

भाषण झालं. दहा मिनिटांत बसवताना हर्शेल कापला गेला, पॉग्सन तर आधीच गेला होता. चेकचं उदाहरण दोन मिनिटं खातं म्हणून ते अर्धं झालं. अण्णांनी जुन्या ट्रान्झिस्टरवर शेजाऱ्यांना बोलावून ते ऐकलं, असं नंतर सासूबाईंकडून कळलं. त्यांचा स्वतःचा फोन आला तो पाच मिनिटांनी. "बरं झालं," ते म्हणाले. "नेगमवालांचं नाव तुम्ही घाईने घेतलंत. दोनदा घ्यायला हवं होतं. लोकांना पहिल्यांदा ऐकू येत नाही."

गेल्या २२ जानेवारीला त्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. गडावर ऊन होतं, समुद्र निळा होता, कुठे एक ढग म्हणून नाही. शाळेची वीसएक मुलं घेऊन अण्णा कट्ट्यापाशी उभे होते. धोतराचा सोगा सावरून त्यांनी नेहमीच्याच जागी श्वास घेतला, पण वाक्य नवं होतं. १८६८ गुंटूर, मग लंडन, १८९५, आणि मग १८९८ साली हा कट्टा. नेगमवाला दोनदा. सगळं सांगून झाल्यावर ते थोडे थांबले आणि एकदम मालवणीत म्हणाले, "तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या बापाशीक मी ह्याच जाग्यावर चुकीची तारीख सांगितलंय. घराक जावन सांगा, मास्तरान एंट्री दुरुस्त केल्यान."

'एंट्री' हा शब्द त्यांनी माझ्याकडून उचलला होता. मुलं गप्प होती. मागच्या रांगेतल्या एका बारक्याने हात वर केला.

"गुरुजी, मगे बापाशीचे मार्क कमी करतलात?"